पोलिम

पहाटे साडेचारला दार वाजलं तेव्हा मला वाटलं, समुद्र घरात शिरला की काय. श्रीलंकेत, कोलंबोला लागून असलेल्या देहिवलाला आमच्या गल्लीच्या टोकाला रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे थेट समुद्र, त्यामुळे ही भीती मला तिथे तीनही वर्षं होती. दारात घरमालकीण आंटी उभ्या होत्या. पांढरी साडी, काखेत छत्री, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोनशेपानी वही. "दुव, निघायचं ना? आता गेलो नाही तर नंबर शंभराच्या पुढे जाईल."

दुव म्हणजे मुलगी. कोकणीत मुलीला धुव म्हणतात, हे आठवून मला त्या हाकेचं फार बरं वाटायचं. सिंहली ऐकताना असे शब्द मधूनमधून ओळख दाखवतात. दिवसाला दवस, कानाला कन, गावाला गम, थोरल्या बहिणीला अक्का. पुस्तकाला पोत, म्हणजे आपली पोथीच. आंटींच्या हातातली ती वही म्हणजे 'क्लिनिक पोत'. सरकारी हॉस्पिटलात मधुमेह, रक्तदाब अशा कायमच्या दुखण्यांसाठी जाणारा प्रत्येक पेशंट आपली अशी वही स्वतःच सांभाळतो. आंटींच्या वहीला शाळकरी मुलीसारखं खाकी कव्हर होतं. साहजिकच आहे, त्या तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवत होत्या.

त्या दिवशी नंबर मिळाला ८७. लाकडी बाकांवर माणसं चिकटून बसलेली, वर पंखे घरघरत होते. आंटींच्या मागे बसलेले गृहस्थ पोलिसांतून बऱ्याच वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले निघाले. त्यांचा नंबर ९४. पुढे एक मासे विकणाऱ्या बाई होत्या, त्यांचा ८५. सकाळी नऊच्या सुमारास डॉक्टर आले. साडेदहाला आंटींचा नंबर लागला, डॉक्टर चार मिनिटं बोलले, वहीत दोन ओळी खरडल्या. मग औषधांची वेगळी रांग. खिडकीतून छोट्या कागदी पाकिटांत महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, पाकिटावर पेनानं सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं. मी पर्स उघडून विचारलं, पैसे कुठे भरायचे? आंटी इतक्या मोठ्यानं हसल्या की मासेवाल्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

स्वच्छतागृहाचं विचारू नका. ते आपल्यासारखंच होतं.

रांगेला सिंहलीत पोलिम म्हणतात. पुण्याला परत आल्यापासून मला सगळे एकच विचारतात, "तिथलं बरं की इथलं?" मी उत्तर द्यायला लागले की माझी गाडी या शब्दापाशी येऊन अडकते.

मी तिथे गेले २०१९च्या सप्टेंबरात, तयार कपडे विकत घेणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात. नवरा पुण्यातच राहिला. निघताना आजी म्हणाली होती, "लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं?" खरं तर मलाही तसंच वाटत होतं. आपल्याहून लहान देश, लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास, म्हणजे अख्खा देश महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढा. पंचवीस-सव्वीस वर्षांचं यादवी युद्ध २००९ मध्ये संपलेलं, ईस्टरच्या बॉम्बस्फोटांना तर पाचच महिने झालेले. अशा ठिकाणी आपण 'पुढारलेल्या' देशातून चाललोय, असा एक सुप्त तोरा मनात होता. तो उतरवला एका छत्रीवाल्या बाईनं.

ती मिडवाइफ. आंटींची सून गरोदर होती म्हणून ती दर महिन्याला घरी यायची. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, रजिस्टर. एकदा जिन्यात मला पाहून थांबली. नवीन भाडेकरू? लग्न झालंय? मुलं? किती वर्षांची? मला आधी राग आला, या चौकशा कशाला म्हणून. नंतर कळलं, तिच्याकडे तिच्या भागातल्या मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक जोडप्याची नोंद असते. साधारण तीन हजार वस्तीमागे अशी एक बाई. मी परदेशी, तिच्या हिशेबात न बसणारी, तरी तिनं विचारून घेतलं. पुण्यात मी ज्या इमारतीत नऊ वर्षं राहिले तिथे सरकारतर्फे माझं दार वाजवलं ते फक्त मतदार यादीवाल्यांनी.

ही व्यवस्था काल-परवाची नाही. कळुतरा गावात पहिलं आरोग्य युनिट सुरू झालं १९२६ मध्ये, इंग्रजांच्या काळात. १९३१ मध्ये तिथल्या सगळ्या सज्ञान बायका-पुरुषांना मताचा हक्क मिळाला. आपल्याकडे त्यासाठी १९५० उजाडावं लागलं. मग १९३४-३५ मध्ये मलेरियाची अशी साथ आली की सुमारे ऐंशी हजार माणसं गेली. मतं मागायला गावोगाव जाणाऱ्या पुढाऱ्यांना लोकांनी काय मागितलं असेल, ते सांगायला नको. १९४५ मध्ये कन्नंगरा नावाच्या शिक्षणमंत्र्यानं शाळा ते विद्यापीठ शिक्षण फुकट केलं. पुढे सरकारी दवाखानेही फुकट झाले. श्रीमंत झाल्यावर दवाखाने काढू, असं त्या देशानं म्हटलं नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आकडेच द्यायचे तर मानवी विकास निर्देशांक घ्या. महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञानं अमर्त्य सेन यांना बरोबर घेऊन १९९० मध्ये तो मांडला. २०२५च्या अहवालात १९३ देशांत श्रीलंका ८९वी आहे, भारत १३०वा. म्हणजे २०२२ मध्ये दिवाळं वाजल्यावरही ती आपल्या एक्केचाळीस पायऱ्या वर. तिथलं आयुर्मान सत्याहत्तरच्या आसपास, आपलं बहात्तर. पण 'भारत' हा आकडा फसवा असतो. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, केरळात १९, देशाची सरासरी ९७. कोविडच्या आधी श्रीलंकेचा आकडाही तिशीच्या घरातच होता. म्हणजे बाळंतिणीच्या बाबतीत महाराष्ट्र आणि श्रीलंका जवळजवळ शेजारी. याचं श्रेय मोठ्या प्रमाणात आशाताईंना आहे. मावशीच्या गावातली आशा त्या मिडवाइफइतकीच चालते. फरक एवढाच की मिडवाइफला पगार आणि पेन्शन आहे, आणि आशाला मानधन. त्यात वाढ हवी तर आझाद मैदानात जाऊन बसावं लागतं.

आता कुणी म्हणेल, ही बाई लंकेच्या प्रेमात पडली. तर दुधाचं सांगते.

चहा पिकवणाऱ्या देशात मला चहा मिळेना. तिथे घरोघरी दुधाची पावडर वापरतात, तीही बरीचशी न्यूझीलंडहून आलेली. 'किरि ते' म्हणजे त्या पावडरीचा गोडमिट्ट चहा. ताजं दूध सुपरमार्केटात, महाग. सकाळी सहाला दाराला लटकणारी दुधाची पिशवी ही किती मोठी चैन आहे, हे मला कोलंबोत कळलं. मग मी 'प्लेन्टी' प्यायला शिकले. प्लेन्टी म्हणजे प्लेन टी, कोरा चहा. हातात किथुल माडाच्या गुळाचा खडा, तो दातांनी तोडायचा आणि वर घोट घ्यायचा. त्या गुळाला ते हकुरु म्हणतात. सवय झाल्यावर दुधाची आठवण कमी झाली, असं मी आईला सांगायचे. ते खोटं होतं.

बसचंही सांगते. सरकारी बस लाल, खासगी बस रंगीबेरंगी, आतून बुद्धाचे दिवे आणि कानठळ्या बसवणारी गाणी. दोन खासगी बस एकाच थांब्यावरची माणसं उचलायला गॉल रोडवर शर्यत लावतात. दारामागची पहिली सीट धर्मगुरूंसाठी राखीव. बायकांसाठी मात्र वेगळी सोय नाही, आणि गर्दीच्या बसमध्ये बाईला काय काय सोसावं लागतं ते मी ऑफिसातल्या मुलींकडून ऐकलं आणि स्वतः अनुभवलं. मुंबईच्या लोकलच्या लेडीज डब्याची किंमत तेव्हा कळली. आपल्याकडच्या गोष्टी अशा परदेशात जाऊन मोजाव्या लागतात.

शिकवण्या तर आपल्याला मागे टाकतील. शिक्षण फुकट, पुस्तकं फुकट, गणवेशाचं कापडही सरकार देतं. पण पाचवीच्या स्कॉलरशिपपासून भिंतीभिंतीवर टाय लावलेल्या 'सरां'चे फोटो. कोलंबोजवळच्या नुगेगोडात रविवारी सकाळी उतरलात तर वाटेल लातूरच. दवाखान्याचंही तसंच. फुकटच्या रांगेत थांबायचं नसेल तर त्याच सरकारी डॉक्टरला संध्याकाळी खासगी हॉस्पिटलात पैसे भरून गाठायचं, त्याला 'चॅनलिंग' म्हणतात. मी स्वतः तीन वर्षं चॅनलिंगच केलं. आंटीही गुडघ्यासाठी करायच्या. तेव्हा सोन्याच्या विटा वगैरे काही नाही.

सकाळी एक तीनचाकी पाव विकत यायची, तिच्या भोंग्यावर बीथोव्हेनची धून. अख्ख्या देशात पाववाल्यांची हीच धून! पुण्यात सकाळी गाणं वाजलं की मी कचऱ्याची बादली उचलते, तिथे पैशांची पर्स उचलायचे. परत आल्यावर पहिला आठवडाभर माझी गडबड झाली.

२०२१च्या एप्रिलमधला तो आठवडा मात्र मी विसरणार नाही. पुण्यात काकांचा ऑक्सिजन उतरत होता आणि कुठे बेड नव्हता. नेहमीची विमानं बंद. मी देहिवलाच्या गच्चीवर बसून फोन करत होते. शाळेतल्या मैत्रिणी, जुने साहेब, नवऱ्याच्या मामेभावाचा मित्र. सगळीकडे एकच वाक्य: "तुमची कुणाशी ओळख आहे का?" तिसऱ्या दिवशी लागली ओळख. एका नगरसेवकाच्या माणसाचा फोन गेला, रात्री अकराला बेड मिळाला. काका वाचले. आम्ही त्या माणसाला दिवाळीत मिठाईही पाठवली.

तो बेड कुणाचा होता, हे मला आंटींनी विचारलं. हेटाळणीनं नाही, गणिताच्या बाईंच्या सहजपणे. "मग रांगेत पुढे कोण होतं, दुव?" मी म्हटलं, "आंटी, रांग नव्हतीच." त्यांना ते समजेना. माझ्या सिंहलीचा दोष असेल म्हणून त्यांनी इंग्रजीत पुन्हा विचारलं. मी इंग्रजीत पुन्हा तेच सांगितलं.

आणि मग एका वर्षात त्यांची रांग आली.

२०१९च्या शेवटी सरकारनं कर वारेमाप कापले. मग कोविडनं पर्यटन बसलं. २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी आणली, आणि भात व चहाचं पीक कोसळल्यावर काही महिन्यांत उठवली. परदेशी कर्जाचे हप्ते डोक्यावर होतेच. १२ एप्रिल २०२२ला देशानं जाहीर केलं की कर्ज फेडायला डॉलर नाहीत. पण आम्हाला हे त्याआधीच कळलं होतं, शाळेच्या परीक्षांवरून. कागद नाही म्हणून परीक्षा पुढे ढकलल्या होत्या. मार्चअखेर तेरा-तेरा तास वीज नव्हती. दोनशे रुपयांचा डॉलर साडेतीनशेच्या पुढे गेला. सप्टेंबरमध्ये महागाई सत्तर टक्क्यांना टेकली.

पुण्याहून फोन यायचे, "बुडाली ना तुझी सोन्याची लंका!" त्यात काळजी किती आणि समाधान किती, हे मी मोजलं नाही. भारतानं त्या वर्षी सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. पंपावर इंधन येई तेव्हा ते पुष्कळदा आपल्या कर्जावरचं असे, आणि ही जाण आमच्या रिक्षावाल्या मल्लीला (मल्ली म्हणजे धाकटा भाऊ) आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपेक्षा जास्त होती.

गॅसच्या रांगेतले सिलिंडर मला अजून स्वप्नात दिसतात. गल्लीपासून मुख्य रस्त्यापर्यंत निळे आणि पिवळे, एकमेकांना साखळीनं बांधलेले, प्रत्येकावर खडूनं नंबर. माणसं घरी जेवायला जायची, सिलिंडर रांगेत राहायचे. पेट्रोलच्या रांगेत मल्ली दोन रात्री रिक्षातच झोपला. उन्हात रांगेत उभी राहून म्हातारी माणसं मेली, ते पेपरात यायचं. मी रांग साजरी करत नाहीये. पण त्या दिवसांत आमच्या गल्लीत एक वही सुरू झाली. आंटींनीच सुरू केली, जुन्या कोऱ्या क्लिनिक पोतमध्ये. कुणाचा सिलिंडर कितवा, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कुणाला आधी द्यायचा. एकदा एका साहेबाची सरकारी गाडी रांग सोडून पंपात शिरली, तेव्हा मी सिंहलीतल्या शिव्या प्रथमच इतक्या जवळून ऐकल्या. देशाचं दिवाळं त्यांना दिसत होतंच, पण जिवाला लागली ती मोडलेली रांग. जुलैपासून क्यूआर कोडवर कोटा आला, रिक्षाला आठवड्याला पाच लिटर, आणि मल्लीनं तो कोड लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लावला.

९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले. तलावात पोहतानाची दृश्यं जगानं पाहिली. पुढचे दोन-तीन दिवस काय झालं ते मात्र मला जास्त मजेदार वाटलं. लोक मुलाबाळांना घेऊन तो वाडा बघायला आले आणि त्यासाठीही रीतसर रांग लागली. पळून गेलेल्या राष्ट्राध्यक्षाचा पलंग बघायलासुद्धा पोलिम!

दरम्यान आंटींच्या वहीत 'बाहेरून घ्या' असा शेरा येऊ लागला. सरकारी खिडकीत गोळ्या संपल्या होत्या. आंटींनी हातातल्या दोन बांगड्या गहाण टाकल्या. तेव्हा तिथे निम्मी गल्ली तेच करत होती. त्यांचे मोकळे हात पाहून माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "लंकेची पार्वती." त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला, दागिना नसलेल्या बाईला आमच्याकडे असं म्हणतात. त्या जरा थांबून म्हणाल्या, "का? आमच्याकडे दागिने नव्हते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

पण ही रांग सगळ्यांची होती का? ऑगस्टमध्ये मी हॅटनच्या बाजूला चहाच्या मळ्यांत गेले. तिथल्या मजुरांचे पूर्वज इंग्रजांनी तमिळ मुलखातून नेलेले. राहायला 'लयम', म्हणजे एका ओळीत बांधलेल्या दहा-बारा खोल्या, त्यांतल्या कित्येक ब्रिटिश काळातल्या. एका खोलीत सहा माणसं, बाहेर सामाईक नळ. १९४८च्या कायद्यानं या लाखो लोकांचं नागरिकत्वच गेलं. १९६४ मध्ये दोन्ही देशांचे पंतप्रधान, लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके, यांनी त्यांची दोन देशांत वाटणी करायचा करार केला, आणि उरलेल्यांचा प्रश्न सुटायला पुढची चाळीस वर्षं गेली. ज्या फुकट शाळा-दवाखान्यांचं मी वर कौतुक केलं ते यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचले. तिथल्या एका बाईला मी विचारलं, गॅसच्या रांगेचा त्रास झाला का? ती म्हणाली, "आमच्याकडे गॅस होता कधी?" उसाच्या फडात पालाच्या झोपडीत राहणारी आपल्याकडची कुटुंबं मला तिथे आठवली. रांगेच्याही बाहेरची माणसं दोन्ही देशांत आहेत, आणि दोन्हीकडे ती इतरांच्या तोंडचा गोडवा पिकवतात.

त्या वर्षी तीन लाखांहून जास्त लोक नोकरीसाठी देश सोडून गेले. पासपोर्ट ऑफिसबाहेर लोक रात्रीपासून बसायचे, ती तिथली सर्वांत लांब पोलिम. आंटींची ती वही तपासणारे तरुण डॉक्टरही गेले, ऑस्ट्रेलियाला. सून कडेवर बाळ घेऊन नवऱ्याकडे कतारला गेली. हुशार मुलासाठी त्या देशात काम कमी आहे, ही गोष्ट खरी. माझ्या हाताखालच्या मुली पुण्याच्या पगारांबद्दल ज्या डोळ्यांनी विचारायच्या, ते डोळे मला ओळखीचे होते. आपण अमेरिकेबद्दल तसंच विचारतो.

मी डिसेंबर २०२२ला परत आले. इथे दूध येतं, टँकर येतो, जनरेटर लागतो, दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. प्रत्येक अडचणीवर एक फोन नंबर आहे आणि प्रत्येक नंबरला पैसे आहेत. आमच्या सोसायटीत एकदा तिघा बिऱ्हाडांनी टँकरचे पैसे थकवले म्हणून त्यांचा मजला चार दिवस कोरडा ठेवला होता. ठरावाला हात मीही वर केला होता.

गेल्या वर्षी आईच्या छातीत दुखायला लागलं. नामांकित डॉक्टर, तीन आठवड्यांनंतरची वेळ. मी मामेसासऱ्यांना फोन केला, त्यांनी कुणाला तरी केला, दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. रिसेप्शनवरच्या मुलीनं आम्हाला बाजूच्या दारानं आत घेतलं. बाहेर पंचवीस-तीस माणसं बसलेली होती. एक आजोबा मांडीवर फायलींची पिशवी धरून बसले होते. आईचे अहवाल ठीक निघाले. गाडीत बसताना ती खुशीत म्हणाली, "बघ, ओळख असली की कसं पटकन होतं."

त्याच आठवड्यात आंटींचा फोटो आला. नवी वही, पुन्हा खाकी कव्हर, वर टोकनची चिठ्ठी: १३१. खाली लिहिलं होतं, "उशीर झाला आज. गोळ्या परत मिळायला लागल्यात. अम्माचं कसं आहे?"

मी लिहिलं, अम्मा बरी आहे, डॉक्टरांना दाखवलं.

"नंबर कितवा होता?" त्यांनी विचारलं.